वर्कमन दांपत्याची सायकल-यात्रा

भर दुपारची वेळ आहे, गाव अजून सहा-सात मैलांवर आहे, आणि सायकलीचे मागचे चाक एकाएकी 'फस्स' करून बसले आहे. अशा वेळी माणसाची काय अवस्था होते हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मग सायकल हाताने ढकलत न्यायची, वाटेत भेटेल त्याला 'पंक्चरवाला कुठं आहे हो?' म्हणून विचारायचे, आणि 'हा काय, इथंच, पुढं' हे उत्तर ऐकत आणखी दोन मैल चालायचे! ही गोष्ट दिवसातून एकदा घडली तरी आपण घरी आल्यावर चार दिवस सांगत बसतो. हीच गोष्ट एका दिवसात चाळीस वेळा घडली तर?

तशी ती घडलेली आहे, आणि आपल्याच देशात. १८९७ साली एक अमेरिकन नवरा-बायको दोन सायकली घेऊन सिंहलद्वीपमार्गे हिंदुस्थानात उतरले. डॉक्टर विल्यम हंटर वर्कमन आणि त्यांच्या पत्नी फॅनी बुलक वर्कमन अशी त्यांची नावे. देशाच्या दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंतचा त्यांचा प्रवासच सुमारे चार हजार मैलांचा होता. पण तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. १९०४ साली लंडनमध्ये या भटकंतीवरचे त्यांचे पुस्तक निघाले. हिंदुस्थानच्या सपाटीवरील देवळांतून आणि माणसांतून सायकलवर चौदा हजार मैल, असे त्याचे लांबलचक उपनाव आहे. चौदा हजार मैल म्हणजे साडेबावीस हजार किलोमीटर. पुण्याहून नागपूरला सायकलने तीसएक वेळा जावे, तेवढा हा पल्ला झाला.

आता तुम्ही म्हणाल, ही मंडळी मोठी धट्टीकट्टी, तरुण, पैलवान गड्यांसारखी असतील. गंमत तिथेच आहे. निघाले तेव्हा विल्यमसाहेबांचे वय पन्नास होते, आणि फॅनीबाई अडतीस वर्षांच्या होत्या. त्यात विल्यमसाहेबांनी आपला डॉक्टरीचा धंदा सोडला होता तो प्रकृती ठीक नाही म्हणून! १८८९ साली हे कुटुंब अमेरिका सोडून जर्मनीत राहायला गेले. हवापालटाला गेलेला माणूस पुढे चौदा हजार मैल सायकल चालवतो, याला काय म्हणावे? आपल्याकडे डॉक्टर विश्रांती घ्या म्हणतात. हे डॉक्टर स्वतःला काही निराळेच औषध देत होते.

पैशाची त्यांना ददात नव्हती. फॅनीचे वडील मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते. घर श्रीमंत, शिक्षण उत्तम. श्रीमंतांची सुस्त आयुष्ये जशी जातात, तसे तिचेही गेले असते. पण १८९३ साली या जोडप्याचा लहान मुलगा आजारपणात गेला. त्यानंतर दोनच वर्षांत त्यांची सायकलीवरची पुस्तके सुरू होतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध किती, हे मी सांगू पाहत नाही. दुःख झालेले घर कसे असते ते तुम्हालाही माहीत आहे. काही माणसे दार लावून बसतात, काही दार उघडून चालू लागतात. त्यांची मुलगी रेचेल मात्र मागे राहिली. ती दायांच्या हाती आणि शाळेच्या वसतिगृहात वाढली. पुढे ती भूशास्त्रज्ञ झाली. तरी या यात्रेची किंमत कोणीकोणी दिली याचा हिशेब मांडताना तिचे नाव विसरून चालणार नाही.

सायकल हे वाहन तेव्हा नवे होते. त्याआधीची उंच चाकाची सायकल तुम्ही चित्रात पाहिली असेल. पुढे माणसाच्या छातीएवढे चाक, मागे ताटलीएवढे, आणि वर बसलेला साहेब पडला तर सरळ तोंडावर. लांब झगा घातलेल्या बाईने त्यावर चढावे हा विचारही शक्य नव्हता. १८८५ च्या सुमारास इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या स्टार्ले यांनी दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल बाजारात आणली. १८८८ साली बेलफास्टला डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी धाव बसवून पाहिली. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि आज आपण चालवतो ती सायकल तयार झाली. या सायकलीवर बाईही बसू शकत होती, आणि कोणाला न विचारता कुठेही जाऊ शकत होती. सुझन अँथनी या अमेरिकेतल्या स्त्रीहक्कांच्या थोर पुरस्कर्त्या. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीपेक्षा सायकलीनेच स्त्रियांना अधिक मोकळे केले, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी १८९६ साली एका मुलाखतीत काढले होते. ज्यांच्या घरातल्या मुलीने पहिल्यांदा सायकल घेऊन शाळा गाठली, त्यांना यातले मर्म समजावून सांगायला नको.

फॅनीबाई याच विचाराच्या होत्या. हिंदुस्थानात येण्यापूर्वी या दोघांनी अल्जीरिया आणि स्पेन हे देश सायकलवरून पालथे घातले होते, आणि दोन्हींवर पुस्तके लिहिली होती. तेव्हा इथे आले ते नवशिके म्हणून नव्हे. पण हिंदुस्थानची वाट निराळी निघाली.

त्यांच्या सामानाची यादी पाहा. चहा, साखर, बिस्किटे, चीज, डब्यातले मांस, पिण्याचे पाणी. प्रत्येकी एक कांबळे. लिहिण्याचे साहित्य, औषधांची पेटी, सायकल-दुरुस्तीची हत्यारे. आणि उशा! मला या यादीतल्या उशा फार आवडतात. माणूस सगळे ऐश्वर्य घरी ठेवून येतो, पण डोक्याखालची उशी काही सुटत नाही. संसार केलेल्या माणसांची यादी आहे ही; एकट्या तरुण साहसवीराच्या यादीत उशी सापडायची नाही.

अन्नपाण्याची हमी राहावी म्हणून ही जोडी शक्यतो आगगाडीच्या रुळांच्या आसपासचा रस्ता धरी. रात्री कधी कधी स्टेशनावरच्या वेटिंग-रूममध्ये काढाव्या लागत. डास होते, उंदीर होते, आणि जेवणाची आबाळ तर नित्याचीच होती. पण सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे काटा. दिवसाला चाळीसपर्यंत पंक्चरे होत. यात अतिशयोक्ती वाटत असेल तर आपल्याकडचा एखादा जुना गाडीरस्ता आठवा. दोन्ही बाजूंना बाभळी. कुंपणासाठी शेतकरी काटेरी फांद्या तोडतो आणि त्याच रस्त्याने ओढत नेतो. बोरी आहेत, आणि पावसाळा सरला की सराटे आहेत. सराट्याची रचनाच अशी, की तो कसाही पडला तरी एक काटा वर राहतोच. आता चाक उतरवा, ट्यूब काढा, छिद्र शोधा, घासा, सोल्यूशन लावा, ते वाळू द्या, ठिगळ चिकटवा, पुन्हा हवा भरा. सरावलेल्या हातालाही दहा मिनिटे लागतातच. अशी चाळीस पंक्चरे म्हणजे साडेसहा तासांहून जास्त वेळ रस्त्याच्या कडेला बसून! सायकल चालवायची ती उरलेल्या वेळात.

शिवाय रस्त्यावर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. 'चाकोरीतून जाणे' हे आपण बोलण्यात सोपेपणाचे लक्षण मानतो. बैलगाडीला ते सोपे असेलही, पण सायकलवाल्याला चाकोरीसारखा वैरी नाही. एकदा पुढचे चाक तिच्यात उतरले की हँडल वळत नाही आणि माणूस आडवा होतो. त्यात त्या काळच्या सायकलींना बहुधा फ्रीव्हील नसे. उतारावरही पाय फिरतच राहायचे, विसावा असा नाहीच. आणि बाईंच्या अंगावर लांब झगा! वाटेतल्या बहुतेक खेड्यांनी तोवर सायकल पाहिली नसेल. बाई सायकलवर बसलेली तर नसेलच नसेल.

हे सगळे दोघांनी निभावले कसे? माझ्या मते त्याचे उत्तर त्यांच्या कामाच्या वाटणीत आहे. पुढे पहाडांतल्या मोहिमांमध्ये त्यांनी एक रीतच घालून घेतली. एका वर्षी एकाने सगळी व्यवस्था पाहायची, म्हणजे माणसे, शिधा, पैसा, मार्ग. दुसऱ्याने मोजमापे, टिपणे आणि छायाचित्रे सांभाळायची. पुढच्या वर्षी कामे बदलायची. पुस्तकांवर नावेही दोघांची. कुठे तिचे आधी, कुठे त्याचे आधी. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे हे ध्यानात घ्या, आणि मग आपल्या घरी सहलीला निघताना डबे कोण भरते आणि वेळापत्रक कोण ठरवते, ते स्वतःशीच आठवा. दुसऱ्याला सांगायची गरज नाही.

इथपर्यंत ही कथा कौतुकाची झाली. मीही पहिल्यांदा तिच्याकडे कौतुकानेच पाहिले. पण दुसऱ्यांदा विचार करताना मनात एक खडा टोचू लागला, आणि तो तुमच्यापुढे ठेवल्याशिवाय हे भाषण पुरे व्हायचे नाही.

ही मंडळी आली तो काळ कोणता होता? १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग आला. १८९६–९७ साली दुष्काळ पडला आणि १८९९–१९०० साली त्याहून भयंकर पडला. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, ती तारीख १० मार्च १८९७. घरांत शिरणाऱ्या तपासणीच्या जुलमाने पुणे पेटले आणि रँडवर गोळी झाडली गेली, ती २२ जून १८९७ च्या रात्री. वर्कमन दांपत्याने या देशाचे रस्ते धरले ते त्याच वर्षी. ज्या मातीवरून त्यांची चाके धावली, त्या मातीत माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत होती.

आणि त्यांचे लक्ष कुठे होते? देवळांवर. दोघांनी, विशेषतः फॅनीबाईंनी, रामायण, महाभारत आणि जातककथा वाचल्या होत्या. ज्या लोकांनी हे निर्माण केले त्यांची संस्कृती पाहावी या ओढीने त्या आल्या होत्या. त्या काळच्या पाश्चात्त्य प्रवाशांत एवढा अभ्यास करून येणारे थोडेच. पण त्यांच्या लिहिण्यात भर आहे तो प्राचीन वास्तूंवर. समोरच्या जिवंत माणसाला त्यामानाने जागा थोडी. उपनावात देवळे आणि माणसे हे दोन्ही शब्द आहेत, पण देवळे आधी आहेत. तो क्रम खरा आहे.

पुढे हिमालयात तर हे फारच उघड झाले. तिथे सायकली सुटल्या आणि चालणे सुरू झाले. चौदा ते अठरा हजार फुटांवरच्या खिंडी त्यांनी पायी ओलांडल्या. आता ओझी वाहायला हमाल लागले, आणि हमालांशी त्यांचे कधीच जमले नाही. एका मोहिमेत तर सुमारे दीडशे हमाल त्यांना सोडून निघून गेले. या लोकांना थंडी वाजते, भीती वाटते, घरी लेकरे असतात, हे या हुशार जोडप्याला उमगले नाही. सायकलवर असताना दुसऱ्याच्या पाठीची गरज कमी होती, म्हणून हा दोष झाकून राहिला. पहाडाने तो उघडा पाडला.

पण न्याय करायचा तर पुरता करावा. याच फॅनीबाई १९०६ साली, सत्तेचाळीसाव्या वर्षी, काश्मीरकडच्या नून-कून पर्वतराजीत पिनॅकल पीक या बावीस हजार सातशे फुटांहून उंच शिखरावर चढल्या. स्त्रियांमध्ये उंचीचा हा विक्रम १९३४ पर्यंत टिकला. १९१२ साली सियाचीन हिमनदीच्या परिसरात त्या वर्तमानपत्र हातात उघडून उभ्या राहिल्या आणि तसे छायाचित्र काढून घेतले. वर्तमानपत्रावरचे शब्द होते, स्त्रियांना मताधिकार द्या! त्या मोहिमेच्या पुस्तकात त्यांनी मुद्दाम नोंदवले आहे की या मोहिमेची आखणी आणि नेतृत्व एका स्त्रीने केले. बायकांचे कर्तृत्व मागाहून पुसले जाते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्या सियाचीनवर १९८४ पासून आपले जवान पहारा देत आहेत. तिथल्या पहिल्या पद्धतशीर मोजणीच्या कामांत या बाईंच्या मोहिमेचा वाटा आहे. १९२५ साली त्या वारल्या. मृत्युपत्राने त्यांनी स्त्रियांच्या चार महाविद्यालयांना मिळून सव्वा लाख डॉलर ठेवले.

म्हणजे एकाच माणसाला एक अन्याय लख्ख दिसत होता आणि दुसरा दिसत नव्हता. स्वतःच्या जातीवरचा, म्हणजे स्त्रीजातीवरचा, दिसत होता. आपले ओझे वाहणाऱ्यावरचा दिसत नव्हता. यात त्यांना फार नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा माझा प्रश्न आहे. आपण वेरूळला जातो. खांब पाहतो, कोरीवकाम पाहतो, फोटो काढतो. परतताना ज्याने चहा दिला त्याचा चेहरा तरी आठवतो का?

माझाच दाखला देतो. मागच्या हिवाळ्यात मी आणि पत्नी दोन सायकली घेऊन शेजारच्या तालुक्यातल्या एका जुन्या देवळाला गेलो होतो. जाऊन-येऊन चाळीस मैल. परत येताना सराटा लागला. फाट्यावर एका म्हाताऱ्याने पंक्चर काढून दिले. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा कुठून येतो ते तो इतक्या शांतपणे पाहत होता, की मी माझ्या वर्गात वहीसुद्धा तितक्या शांतपणे तपासत नाही. मी पैसे दिले, निघालो. वाटेत मी त्या देवळाच्या शिखराबद्दल, त्याच्या शैलीबद्दल, काळाबद्दल बरेच काही बोलत होतो. पत्नी ऐकत होती. मग तिने एवढेच विचारले, "अहो, त्या बाबांचं नाव विचारलंत का?"

मी विचारले नव्हते. तिने विचारले होते. त्यांचा मुलगा कुठे असतो, पाऊस कसा झाला, ट्यूब आता बदलायला झाली आहे, हे सगळे तिला ठाऊक होते. मी पाणी पीत होतो तेवढ्या पाच मिनिटांत तिने ते मिळवले होते. त्या दिवशी मला वर्कमन साहेब आणि मी यांच्यात फारसे अंतर दिसले नाही. अंतर असले तर चौदा हजार मैलांचे, आणि तेही त्यांच्याच बाजूचे!

सायकलीचा खरा गुण तिच्या वेगात आहे असे नाही. तिच्या संथपणात आहे. आगगाडीतल्या माणसाला खिडकीतून देश दिसतो. पायी चालणाऱ्याला दिसतो, पण थोडा. सायकलवाल्याला पुष्कळ दिसतो आणि पुन्हा हवे तिथे पाय टेकता येतो. मुंबईच्या पारशी तरुणांनी १९२३ साली हे ओळखले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा सायकलवरून जगप्रवासाला निघाले आणि १९२८ साली चव्वेचाळीस हजार मैल करून परतले. आज तर काश्मीर ते कन्याकुमारी सायकलने जाणारी जोडपी आपल्याला भेटतात. रस्ते डांबरी झाले आहेत, सायकलींना गियर आले आहेत. काटे मात्र तेच आहेत.

तुम्हीही कधी निघा. चार हजार मैल नकोत, चाळीस पुरेत. पण एकट्याने जाऊ नका, जोडीने जा. आणि वर्कमन जोडप्यासारखी कामे वाटून घ्या. जाताना एकाने वाट पाहावी, दुसऱ्याने माणसे पाहावी. येताना कामे बदलावी. आणि सराटा लागला तर त्रागा करू नका. चाक बसते तेव्हाच आपण थांबतो, आणि थांबल्यावरच समोरचा माणूस दिसतो. त्याला नाव विचारा. देऊळ हजार वर्षे तिथेच आहे, ते आणखी पाच मिनिटे वाट पाहील.